कपाटाची उजवी बाजू

चिमीनं पन्नाशी उलटल्यावर लग्न केलं तेव्हा ओळखीपाळखीच्या सगळ्यांनी तोंडाला हात लावून हसून घेतलं. अक्का हसलीही नाही आणि रडलीही नाही. तिनं चिमीच्या बॅगा भरून दिल्या, इस्त्री मोडू नये म्हणून प्रत्येक ड्रेसच्या घडीत कागद घातला, आणि टॅक्सी वळणावर दिसेनाशी झाल्यावर जिना चढून वर आली.

चिमी ही अक्काची धाकटी बहीण. आईवडील गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दोघीच राहत होत्या. अक्का वाचनालयाच्या तळघरात फाटक्या पुस्तकांची बांधणी करायची. चिमी चष्म्याच्या दुकानात होती. दोघींची लग्नं का राहून गेली ते आता त्यांनाही धड सांगता आलं नसतं. आज बघू, उद्या बघू, यात केस पांढरे झाले. मग एकदा एक निवृत्त मास्तर चिमीच्या दुकानात चष्म्याची दांडी सैल करून घ्यायला आले. आठवड्यानं घट्ट करून घ्यायला आले. आणखी काही दिवसांनी पुन्हा सैल करायला आले, तेव्हा चिमीच्या लक्षात आलं की दुखणं चष्म्याचं नाही. मास्तरांनी जन्मभर भूगोल शिकवलेला, बायको वारलेली, घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. माणूस साधा होता. अक्कालाही त्याच्यात खोट काढायला जागा सापडली नाही, आणि तिनं शोधली नव्हती असं नाही.

आता अक्काच्या घरात आवाज असा उरला नाही. भांडी घासली की तेवढी भांडी वाजायची. त्यात ते कपाट. झोपायच्या खोलीत भिंतभर लाकडी कपाट होतं, मधे उभी फळी, डावी बाजू अक्काची, उजवी चिमीची. चिमीला कपड्यांचा सोस, म्हणून तिच्या बाजूला कप्पा एकही नव्हता. वरती आडवा दांडा आणि त्याला लटकलेले ड्रेस. डावं दार जोरात लावलं की हवेच्या धक्क्यानं उजवं उघडायचं. पूर्वी त्यावरून थट्टा व्हायची. "बघ, माझे कपडे तुला म्हणतायत, जरा आमच्याकडेही बघा," असं चिमी म्हणायची. आता रोज सकाळी अक्का स्वतःचं दार लावायची आणि शेजारचं दार करकरत उघडायचं. आत नुसता दांडा, आणि रिकामे हँगर एकमेकांवर टिणटिणत.

अक्कानं दारात कागदाची घडी खुपसून पाहिली. घडी पडली. दार हळू लावून पाहिलं, तर कामाला जायच्या घाईत हळू लावायचं लक्षात राहीना. शेवटी एका शनिवारी तिनं ठरवलं की त्या बाजूला फळ्या बसवून टाकायच्या. फळ्या बसल्या की ते चिमीचं कपाट राहणार नाही, नुसतं कपाट होईल. मग उघडलं काय नि मिटलं काय.

नाक्यावर लोखंडी सामानाचं दुकान होतं. दुकानदाराला सगळी आळी खिळेमामा म्हणायची. भिंतभर लहान लहान खण, आणि कुठल्या खणात काय आहे ते कळावं म्हणून प्रत्येकावर आतल्या वस्तूचा एकेक नमुना तारेनं बांधलेला.

"कपाटात फळ्या बसवायच्या आहेत," अक्का म्हणाली. "त्यांच्याखाली लावायला काहीतरी टेकू द्या."

"टेकू म्हटलं की झालं होय? कायमची ठोकायची फळी, की वर-खाली करता येणारी?"

"वर-खाली होणारी."

"शहाण्या आहात." मामांनी तीन खण ओढून काउंटरवर मांडले. पहिल्यात बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या खुंट्या होत्या. "कपाटाच्या बाजूंना ओळीनं भोकं पाडायची आणि या त्यात खुपसायच्या. हलक्याफुलक्या सामानाला पुष्कळ झाल्या." दुसऱ्या खणातल्या खुंट्या पितळेच्या, सोबत तेवढीच नळकांडी. "या जरा खानदानी. आधी नळकांडं ठोकायचं, त्यात खुंटी. भोक झिजत नाही. पण चारी भोकं एका पातळीत आली पाहिजेत बरं का. एक जरी केसभर हुकलं तर फळी लंगडी." तिसऱ्या खणात काहीच नव्हतं, मामा आत गेले आणि हातभर लांबीच्या लोखंडी पट्ट्या घेऊन आले. पट्टीवर वरपासून खालपर्यंत खाचा होत्या. "ही पट्टी. खाचा कारखान्यातूनच मापात पडून आल्या. चार कोपऱ्यांत चार पट्ट्या स्क्रूनं बसवायच्या, हव्या त्या खाचेत ही क्लिप अडकवायची, क्लिपवर फळी. उद्या मन बदललं, क्लिप काढा नि वरच्या खाचेत लावा. ठेवणार काय त्यावर?"

अक्कानं एक क्लिप उचलून उलटसुलट पाहिली. एवढा सगळा विचार तिनं केला होता, पण हा केलाच नव्हता.

"बघू," ती म्हणाली.

"बघू कसं? वजनावर ठरतं सगळं. कपडे असले तर प्लास्टिक घ्या, कशाला उगाच खर्च. काचसामान असेल तर पितळी. आणि पुस्तकं असतील तर पट्टीशिवाय इलाज नाही, पुस्तकाइतकं जड दुसरं काही नसतं."

मागे एक बाई नळाचं तुटकं मुंडकं हातात घेऊन ताटकळत उभी होती. तिनं घसा खाकरला.

"पुस्तकं," अक्का घाईघाईनं म्हणाली. "खूप आहेत." खरं तर दिवसभर पुस्तकांत बुडालेली ही बाई घरी एक पुस्तक आणत नसे.

"मग पट्टीच. आणि फळी धरायला घरात कोणी आहे ना? एकानं धरायची, एकानं बसवायची. एकट्याचं काम नाही ते."

"आहे ना. बहीण आहे."

पुडकं घेऊन ती बाहेर पडली तेव्हा तिचे कान गरम झाले होते. एवढ्याशा दुकानात दोन थापा. त्याही कोणासाठी, तर एका खिळेवाल्यासाठी!

वखारीतून फळ्या कापून आल्या आणि रविवारी सकाळी अक्का कामाला लागली. हँगर गोळा करून पिशवीत भरले, पिशवी पलंगाखाली ढकलली. पुस्तकं शिवताना भोकं पाडायचा आपला टोचा तिनं वाचनालयातून आणला होता. कपाटाच्या तळापासून माप घेऊन खुणा केल्या, पट्टी धरली, टोच्यानं भोकाची सुरुवात करून घेतली आणि स्क्रू पिळले. हाताला सवय होती, कागदाची असली म्हणून काय झालं. चारी पट्ट्या बसल्या. क्लिपा अडकवल्या. पहिली फळी ठेवली, तर ती डुगडुगायला लागली.

नाचता येईना, अंगण वाकडं, तशी तिची गत झाली; तिनं आधी कपाटाला दोष दिला, मग वखारवाल्याला, मग घराच्या जमिनीला. बऱ्याच वेळानं तिला दिसलं की मागची एक पट्टी उलटी बसली आहे. वरच्या टोकापासून पहिल्या खाचेचं अंतर आणि खालच्या टोकापासून पहिल्या खाचेचं अंतर सारखं नव्हतं. मामांनी हे सांगितलं नव्हतं. सांगितलंही असेल, ती बाई घसा खाकरत होती तेव्हा. अक्कानं सगळे स्क्रू काढले, पट्टी सुलट केली.

आता फळी पुन्हा बसवायची. एका हातात फळी, दुसऱ्या हातानं मागची क्लिप दाबून ठेवायची, तर पुढची क्लिप सुटून टणकन खाली पडायची. पुढची लावावी तर मागची निखळायची. शेवटी तिनं फळीचं एक टोक डोक्यावर घेतलं, दुसरं गुडघ्यानं रेटलं, अर्धं अंग कपाटात कोंबलं, आणि तोंडात एक क्लिप धरून म्हणाली, "चिमे, जरा इकडनं धर गं."

ते शब्द लाकडात घुमून तिच्याच कानावर आले.

फळी डोक्यावर घेऊन ती तशीच वाकून उभी राहिली. खाली उतरवता येईना, वर बसवता येईना. रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. अक्काला रडू आलं असं म्हणणं खोटं होईल. तोंडात क्लिप असताना रडता येत नाही. मान भरून आली तेव्हा तिनं फळी सोडून दिली. ती धाडकन पडली. खालच्या मजल्यावरून कोणीतरी छताला काठीनं ठोकलं. अक्काला त्याचंही बरं वाटलं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या फळ्या बसल्या. फळी खालून वर न्यायचीच नसते, तिरकी करून वरून आत घ्यायची आणि अलगद क्लिपांवर उतरवायची असते, हे शेवटच्या फळीला कळलं. तिनं फडक्यानं कपाट पुसलं, दोन पावलं मागे झाली आणि पाहत राहिली. आधी एकच जागा रिकामी होती. आता चार कप्पे रिकामे होते.

तिनं इस्त्री ठेवली. जास्तीच्या चादरी ठेवल्या. औषधांचा डबा ठेवला. घरातलं उपटून उपटून किती आणणार? दोन कप्पे भरेनात ते भरेनातच. मग संध्याकाळी कामावरून आल्यावर तिला एक नाद लागला. चहा घ्यायचा आणि क्लिपा काढून फळी एक खाच वर करायची. दुसऱ्या दिवशी दोन खाचा खाली. चादरींना जरा जागा होते, इस्त्री नीट बसते, अशी कारणंही ती मनातल्या मनात देत असे. कोणी विचारणारं नव्हतं तरी.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी चिमी आली. एकटीच. फोनवर ती दर आठवड्याला बोलायची, "मी मजेत" म्हणायची, आणि अक्काही "मीसुद्धा" म्हणायची. आता ती समोर उभी होती आणि अक्काची नजर तिच्या निळ्या ड्रेसवर गेली. ड्रेसवर आडव्या-उभ्या घड्यांच्या रेघा होत्या. ही तीच चिमी, जी कोपऱ्यावर पाव आणायला जातानाही इस्त्री करायची.

चिमी सवयीनं झोपायच्या खोलीत गेली, सवयीनं उजवं दार उघडलं आणि ओरडली, "अगं बाई! हे कोणी केलं?"

"मी."

"तू? खिळा ठोकायचा म्हटलं की डोळे मिटणारी तू?"

"यात खिळे नाहीत. स्क्रू आहेत." अक्कानं क्लिप काढून, फळी वर करून दाखवली. चिमी हसली, टाळ्या वाजवल्या, आणि मग तिचा हात फळीवर तसाच राहिला. "बरं केलंस. छान केलंस."

"तुझे ड्रेस तिकडे नीट लावलेस ना?"

"हो. म्हणजे... आहेत."

"चिमे, कुठे आहेत?"

चिमी पलंगावर बसली. "बॅगेत."

"अजून?"

"त्यांच्याकडे एकच कपाट आहे गं. अर्ध्यात त्यांचं, अर्ध्यात तिचं. सगळं जसंच्या तसं आहे. कोट, स्वेटर, सगळं. दर आठवड्याला म्हणतात, येत्या रविवारी काढतो. रविवार आला की म्हणतात, डोकं दुखतंय. आणि खरंच दुखतं त्यांचं, मी बघते ना." ती ड्रेसवरच्या रेघा तळव्यानं सपाट करायला लागली. "जिवंत सवत असती तर चार शब्द भांडले असते. या बाईशी कशी भांडू? आणि बाई चांगली होती म्हणतात. पंचाईत आहे."

आत खोल कुठेतरी अक्काला एकदम हलकं वाटलं, आणि त्या वाटण्याची तिला लाजही वाटली. "इकडे आणून ठेव," ती म्हणाली. "कप्पे रिकामेच आहेत. दांडाही आहे, दोन फळ्या काढल्या की ड्रेस लटकवता येतील. एका मिनिटात काढते."

चिमीनं मान हलवली. "नको. इकडे ठेवले ना, तर मी रोज कपडे बदलायला इकडे येईन. आणि एक दिवस येईन ती जाणारच नाही."

मग नको जाऊस. हे शब्द अक्काच्या जिभेच्या टोकापर्यंत आले होते. पण चिमीच्या तोंडाकडे पाहिलं तर तिथे ओळखीचा हट्ट होता. लहानपणी सायकल शिकताना ढोपरं फुटली तरी घरी यायचं नाव न घेणारा. तिला तिकडेच राहायचं होतं. अक्का उठली, चहाचं आधण ठेवलं, आणि पाठमोरी असतानाच म्हणाली, "तिकडचं कपाट लाकडी आहे की पत्र्याचं?"

सोमवारी ती पुन्हा दुकानात गेली. "पुस्तकं वाढली वाटतं?" मामांनी विचारलं.

"नाही. बहिणीकडे बसवायच्यात. ती आता वेगळी राहते." हे वाक्य तिनं पहिल्यांदाच कोणासमोर उच्चारलं. मामांनी नुसतं "बरं बरं" म्हटलं आणि पट्ट्या मोजायला लागले.

मास्तरांनी दार उघडलं तेव्हा अक्काच्या हातात पट्ट्यांचं पुडकं होतं आणि काखेत चिमीनं सांगितलेल्या मापाच्या फळ्या. त्यांचा चेहरा पडला. चिमीनं सांगितलं असणार हे त्यांनी ओळखलं. येताना बसमध्ये अक्कानं मनात बरंच काही जुळवून ठेवलं होतं, अगदी टोचून बोलायचं. प्रत्यक्षात ती एवढंच म्हणाली, "मास्तर, चिमीला दोन फळ्या बसवून देते. तेवढी ती बाजू मोकळी करावी लागेल."

मास्तर कपाटासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "हो. अर्थात. करायलाच हवी." दार उघडून त्यांनी पहिला कोट काढला आणि तो कुठे ठेवावा ते न कळून तसाच हातावर घेऊन उभे राहिले. चिमीनं पलंगावर स्वच्छ चादर पसरली, तो कोट त्यांच्या हातातून घेतला, बाह्या आत दुमडून अशी सुरेख घडी घातली की जणू स्वतःचाच आहे. मग दुसरा. मग स्वेटर.

"मी उघडायचोच नाही हे दार," मास्तर मध्येच म्हणाले. "बंद असलं की वाटायचं, आत सगळं ठीक आहे."

"माझं दार बंद राहायचंच नाही," अक्का म्हणाली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. पुढे विचारलं नाही, पण त्यांना समजलं असावं.

पट्ट्या अक्कानं एकटीनं बसवल्या, चारही सुलट. मग फळी उचलली आणि म्हणाली, "मास्तर, हे टोक धरा. वर. अजून वर."

"नकाशात वर म्हणजे उत्तर," मास्तर पुटपुटले.

"मग उत्तरेला धरा! पण दक्षिणेला जाऊ देऊ नका."

चिमी खळखळून हसली. फळी क्लिपांवर अलगद उतरली. अक्कानं कोपरे दाबून पाहिले, जराही हलली नाही. दोन माणसांनी हे किती झटकन होतं, याचं तिला नवल वाटलं आणि थोडा रागही आला. चिमीनं बॅग ओढली आणि भराभर घड्या लावायला सुरुवात केली. निळे ड्रेस एकीकडे, पांढरे एकीकडे. पाहता पाहता कप्पे भरले. स्क्रू ज्या हातांनी पिळले तेच हात मांडीवर ठेवून अक्का खुर्चीत बसली होती. आता ही इथली झाली, तिच्या मनात आलं.

जेवणं झाली. पलंगावरचा ढीग तसाच होता. मास्तर त्याच्याकडे पाहत म्हणाले, "टाकवत नाहीत. आणि ठेवणार कुठे?"

"माझ्याकडे जागा आहे," अक्का म्हणाली. बोलून गेल्यावर तिलाच आश्चर्य वाटलं.

"तुम्हाला कशाला त्रास?"

"कप्पे रिकामेच पडलेत. तुम्हाला कधी बघावेसे वाटले तर या. मी चहा करीन."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "वापरलेत तरी चालेल," ते म्हणाले. "तिला वस्तू पडून राहिलेली खपत नसे."

चिमीच्या रिकाम्या झालेल्या बॅगेतून अक्कानं ते कपडे घरी आणले. तिसऱ्या मजल्यापर्यंत बॅग चढवताना दोनदा बसावं लागलं. स्वेटरांसाठी तिनं एक फळी दोन खाचा वर केली, कोटांसाठी दुसरी खाली घेतली. या वेळी खरोखरच कारण होतं. ज्या बाईला तिनं कधी पाहिलं नव्हतं, तिचे कपडे तिनं रंगांप्रमाणे लावले.

रविवारी जेवायला जायचं ठरून गेलं. कधी चिमी आणि मास्तर इकडे यायचे. मास्तर एकदाच एकटे आले, कपाटापुढे जरा वेळ बसले, चहा घेऊन गेले. पुन्हा त्यासाठी आले नाहीत. बाकीचे दिवस मात्र तसेच होते, लांबलचक आणि गप्प. त्याला फळ्यांचा इलाज नव्हता, आणि अक्काही आता तसा शोधत नव्हती.

थंडी पडली तेव्हा वाचनालयाचं तळघर ओल्या दगडासारखं गार झालं. एका सकाळी अक्कानं उजव्या बाजूचा करडा स्वेटर काढला. बाह्या जरा लांब होत्या, त्या दुमडल्या. दुपारी वरच्या मजल्यावरची पुस्तकं देणारी बाई फाटक्या पुस्तकांची चळत घेऊन जिना उतरून आली आणि थबकली.

"छान आहे हो. नवीन घेतलात?"

"नाही," अक्का सुईत दोरा ओवत म्हणाली. "आमच्या घरातल्याच एकीचा आहे."